नातीला घ्यायचे हात

शेवगावहून नगरला येताना एसटीत शेजारी एक आजोबा होते. ओठ बिडीनं काळे पडलेले. सारखे स्वतःचे तळवे हुंगत होते.

बस चहाला थांबली. बसमध्ये सिगारेट ओढायची नाही हा नियम मी कसोशीने पाळतो आणि घरी त्याचं कौतुकही करून घेतो. उतरताना म्हटलं, "चला बाबा, दोन झुरके."

"न्हाई. सून म्हनली, वास आला तर नात मांडीवर देनार न्हाई. सकाळपास्नं बिडीला शिवलो न्हाई."

मी ओढून परत आलो, तर त्यांनी दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरले. "बघा बरं, येतोय का?"

मी मन लावून हुंगलं. "येतोय हो अजून."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा तळवे हुंगले, मग वाकून माझी बाही.

"अवो सायेब, ह्यो तर तुमचा हाय!"

पिशवी उचलून ते दाराशी जाऊन उभे राहिले.

"बसा की बाबा."

"नगं. सुनंला काय सांगू, शेजारच्या सायबाचा वास हाय म्हून?"

नगरपर्यंत आजोबा दांडा धरून उभेच होते. आणि बसमध्ये कधीच सिगारेट न ओढणारा मी, दोन सीटांवर एकटाच ऐसपैस बसून आलो.