अंगणातलं सरकारी भांडं

तमाम सज्जनांना, विशेषतः ज्यांच्या गावी पाऊस पडतो अशांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ऐंशी साल उलटल्यावर रत्नागिरी जिल्ह्यात, पालीपासून आत चालत जाण्याच्या वाटेवर, आमच्या अंगणात खुद्द सरकार येऊन उभं राहिलं. उंची गुडघ्यापेक्षा थोडी जास्त. अंगाला पांढरा रंग, डोक्यावर नरसाळं, पोटात बाटली. भोवती तारेचं कुंपण, कारण आमच्या म्हशीपासून सरकारच्या जिवाला धोका होता.

त्याला पर्जन्यमापक म्हणतात हे मला ठाऊक होतं, कारण मी मॅट्रिक झालेली सून होते. बाकीचा गाव त्याला भांडं म्हणायचा.

रत्नागिरीहून पाण्याचा अभ्यास करणारे लोक आले होते. इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहिरीच्या तळाशी बेडूक चालत का जातात, आणि पाऊस पडला की आमच्या पऱ्याला, म्हणजे गावच्या ओढ्याला, किती पाणी चढतं, हे त्यांना शोधायचं होतं. भांड्याला मोकळी जागा हवी होती, वर झाड नको. आमच्या अंगणातला माड आदल्याच वादळात पडलेला, त्यामुळे निवड बिनविरोध झाली.

घरात आम्ही तिघंच. नवरा मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला दिसणारा. सासूबाई, मी, आणि बोटीवरची नोकरी संपवून घरी परतलेले मामंजी. बोट सुटली तरी बोटीवरची शिस्त सुटली नव्हती. रोज सकाळी साडेआठला डोक्यावर टोपी घालून ते कुंपणात शिरत, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतत, डोळ्यासमोर धरत आणि आकडा असा पुकारत की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. ओतताना आम्ही जवळून जायचंसुद्धा नाही. "थेंब सांडला तर दिवस फुकट!" हे त्यांचं वाक्य आम्हा दोघींना पाठ झालं होतं.

शेजारीण रोज कुंपणाशी यायची. "काय हो काका, आज किती?"

"बेचाळीस."

"बेचाळीस काय?"

"मिलिमीटर."

"म्हणजे कळशीभर की हंडाभर?"

"तुझ्या जिभेएवढा! जा, चुलीवर भात आहे तुझा."

मामंजींचा स्वतःचा एक सिद्धांत होता, आणि तो ऐकल्याशिवाय आमच्या ओटीवरून कुणाची सुटका नव्हती. "पूर्वीचा पाऊस पाहुण्यासारखा यायचा. बसायचा, चार दिवस राहायचा, जमिनीत मुरायचा. आताचा दारातनं ओरडून जातो. आठ दिवस कोरडे आणि एका दुपारी सगळा." हवामानबदल हा शब्द तेव्हा पाली ओलांडून आमच्या गावात आला नव्हता. मामंजी आपले आकडे पुकारत होते.

इथवर मी मजेत सांगितलं. आता पुढचं सांगायचं तर त्या पऱ्याकडे जावं लागेल.

गाव आणि पालीचा रस्ता यांच्यामध्ये पऱ्या. त्यावर पोफळीचे सोट बांधून केलेला साकव. पावसाळ्यात कधी बुडायचा, कधी वाहून जायचा. मी या घरात येण्याआधी माझी नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती. आषाढात कळा सुरू झाल्या, अडली, डोलीत घालून पुरुषांनी तिला पऱ्यापर्यंत नेलं. साकव पाण्याखाली होता. पाणी उतरायची वाट बघत डोली अलीकडच्या काठावरच थांबली, आणि तिथेच ती गेली. मूलही गेलं. मामंजी तेव्हा समुद्रावर होते. त्यांना हे पत्राने कळलं. सासूबाई डोलीपाशी होत्या. त्यानंतर महिनाभर त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत, असं शेजारीण मला हलक्या आवाजात सांगायची.

तर भांडं बसवायला आलेला तरुण इंजिनीअर ओटीवर चहा पिताना म्हणाला, "काका, इथे सिमेंटचा पूल मंजूर होतोय. त्याची उंची कशावर ठरणार? एका दिवसात जास्तीत जास्त पाऊस किती, त्यावर. तो एक मोठा दिवस तुमच्या भांड्यात सापडायला हवा."

झालं. त्या दिवसापासून मामंजी त्या एका पावसाची अशी वाट बघायला लागले की काय सांगू! मुलीचं लग्न ठरलेला बापसुद्धा वऱ्हाडाची इतकी वाट बघत नाही. ढग आले की खुश. ढग गेले की जेवणात मीठ कमी. तीन पावसाळे असे गेले. मोठा दिवस येईना.

आला तो लावणीत, आणि नेमके मामंजी डोळे दाखवायला रत्नागिरीला गेलेले. मुक्काम होता, पण सकाळच्या पहिल्या एसटीने येऊन साडेआठचं माप स्वतः घेणार होते. जाताना सासूबाईंना एवढंच म्हणाले, "म्हशीवर लक्ष ठेव गो. बाकी भांड्याला काही करायला लागत नाही."

मी वाडीतल्या बायकांबरोबर शेतात होते. दुपारी आभाळ असं खाली आलं की पुढ्यातली बाई दिसेना. थेंब असे नव्हतेच. पाणी सरळ उभं होतं. लावलेली रोपं डोळ्यांदेखत उपटून बांधावरून चालली. इरली डोक्यावर घट्ट धरून आम्ही घरांकडे धावलो, आणि मी दारात पोचले तर समोर सासूबाई. डोक्यापासून पायापर्यंत निथळत, इरल्याशिवाय, आणि चेहऱ्यावर हसू. या बाईला मी दात दाखवून हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

"आई, तुमचं इरलं कुठं?"

"कामाला लावलंय," त्या म्हणाल्या. "उद्या ह्यांना दाखवीन."

पुढे विचारायला सवड नव्हती. माजघरात तीन ठिकाणी कौलं गळत होती, गोठ्यात पाणी शिरलं होतं. दिवेलागणीला पाऊस ओसरला तेव्हा बातमी आली की साकव गेला. बुडाला नव्हे, गेला. पऱ्याने काठावरचं उंबराचं झाडही नेलं.

सकाळी मामंजी वरच्या गावाचा वळसा घालून आले. धोतर वर खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल, छत्रीच्या काड्या उलट्या. पाणंदीतूनच त्यांचा आवाज यायला लागला. "सापडला! सापडला गो! पालीला रस्त्यावर पाणी! एवढ्या वर्षांत असा बघितला नाही!" चहा नाही, पाय धुणं नाही, तडक कुंपणात.

आणि थांबले.

भांड्यावर इरलं होतं. पानाचं, आमच्या घरचं, वर दगड ठेवून खाली सुंभाने नीट बांधलेलं. कोकणात पावसाआधी जे जे जपायचं ते झाकतात. मातीच्या भिंतीला माडाची झापं लावतात, लाकडं झाकतात, शेणी झाकतात. सासूबाईंनीही जपलं होतं.

त्या पुढे झाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा पुरणपोळी जमलेल्या मुलीसारख्या. "दुपारी नरसाळं उचलून बघितलं हो मी. बाटली गळ्याशी आली होती. म्हटलं, आता भरून वाहणार, आणि ह्यांचा दिवस फुकट जाणार. माझं इरलं काढलं आणि घातलं त्याच्यावर. एक थेंब सांडू दिला नाही!"

मामंजींनी दगड बाजूला ठेवला. सुंभ सोडलं. इरलं सासूबाईंच्या हातात दिलं. नरसाळं काढून बाटली उचलली, खालच्या डब्यात वाकून पाहिलं, मग पाणी मापात ओतलं आणि डोळ्यासमोर धरलं. ओठ हलले. आकडा मात्र पुकारला नाही. शेजारीण कुंपणाशी उभी होती, तिनेही त्या दिवशी विचारलं नाही.

"बरं केलंस," ते सासूबाईंना म्हणाले.

मग स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ पाटावर बसले. डोळ्यांना थोडं पाणी येत होतं, डॉक्टरांनी औषध घातलं होतं म्हणे. हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, बाटली भरली की जास्तीचं पाणी बाहेरच्या डब्यात उतरतं. तशीच सोय केलेली असते. डबा कोरडा आहे." उठता उठता म्हणाले, "तिला यातलं काही कळता नये."

चार-पाच दिवसांनी इंजिनीअर आला, तोही वळसा घालून, उत्साहाने लाल झालेला. मामंजींनी आकडा सांगितला. श्रावणातल्या कुठल्याही साध्या दिवसाचा वाटावा असा तो आकडा.

"एवढाच? काका, बाटली भरून वाहिली असेल. बाहेरच्या डब्यात जमलेलं मोजलंत ना?"

"डबा कोरडा होता."

"भांड्याला काही झालं होतं का?"

सासूबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे. मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ज्या माणसाने तीन वर्षांत थेंबाची चूक केली नव्हती, ज्याला त्या पुलाशिवाय दुसरं काही नको होतं, तो माणूस सावकाश म्हणाला, "भांड्याला काय होतंय? ठणठणीत आहे."

"मग पाऊस इथे नाही, वर डोंगरात झाला," इंजिनीअर म्हणाला आणि त्याने मान हलवली. त्याचं तरी काय चुकलं? सासूबाईंनी कप माझ्या हातात दिले आणि त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून घरात तिघांनाही सगळं ठाऊक होतं आणि कुणीच कुणाला काही सांगितलं नव्हतं. सासूबाई त्यानंतर अंगणाच्या त्या टोकाला झाडू मारायलाही गेल्या नाहीत. मामंजी साडेआठला जात राहिले, आकडा पुकारत राहिले, पण कुत्री भुंकेनाशी झाली.

पूल झाला. देखणा, सिमेंटचा, आणि बुटका. पहिल्या पावसाळ्यात निभावला. दुसऱ्या आषाढात एका दुपारी तसाच पाऊस आला आणि पूल कठड्यासकट दिसेनासा झाला. आम्ही सगळे काठावर जमलो. पलीकडे एसटी उभी, अलीकडे पिशव्या घेतलेली माणसं, आणि मधून पाणी चाललेलं. सासूबाईसुद्धा आल्या होत्या. डोलीच्या दिवसानंतर पावसाळ्यात त्या त्या काठावर पहिल्यांदाच आल्या होत्या.

नाक्यावरचा दुकानदार, ज्याचा माल पलीकडे अडकला होता, मामंजींकडे बघून मोठ्याने म्हणाला, "काका, तुमच्या भांड्याने मोजून दिलेला पूल हा! आणा ती काच, मोजा किती मिलिमीटर बुडाला ते! तीन वर्षं टोपी घालून काय पाणी मोजत होतात की ताक?"

माणसं हसली. मामंजींनी टोपी सारखी केली आणि पाण्याकडे बघत राहिले. दुकानदाराला चेव चढला, तो आणखी काही बोलणार, एवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई दोन पावलं चिखलात पुढे गेल्या आणि सगळ्या गावासमोर ओरडल्या,

"त्यांना काय बोलतोस मेल्या! पाऊस मी झाकून ठेवला होता, मी!"