आवाज बंद, बोलणं चालू

तमाम कानवाल्या जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, लांबच्या विमानप्रवासासाठी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन निवडणे हे मुलीसाठी स्थळ निवडण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे. ते साडूला विचारून किंवा इंटरनेटवरचे तारे मोजून उरकू नये. जनतेने सावधान व्हावे.

आता खुर्च्या सरसावून बसा.

माझ्या क्लिनिकच्या मधोमध धुरीकाका बसले होते. आमच्याकडे पाठ, कानांवर हेडफोन. स्पीकरवर मी विमानाच्या आतला घूंऽऽ आवाज लावलेला. तेवढ्यात, पाठ तशीच ठेवून, काकांनी मोठ्यांदा एक प्रश्न विचारला. माझ्या हातातला रिमोट खाली पडला. कारण तो प्रश्न त्यांना सुचणं शक्यच नव्हतं.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाचे डॉक्टर कानात काय आहे ते बघतात. कानाला काय ऐकू येतं ते मी बघते. मशीन लावते, हिअरिंग एड बसवते. हल्ली लोक हेडफोनही माझ्याकडूनच नेतात, कारण मी ते डोक्यावर घालून बघायला लावते. क्लिनिक परळला, एका जुन्या गिरणीच्या कंपाउंडमध्ये. गिरणी संपानंतर धापा टाकत कशीबशी चालली, मग बंद पडली आणि आता तिथे ऑफिसं आहेत. आर्किटेक्टने एक बिडाचा खांब ‘लूक’साठी ठेवलाय, तो नेमका माझ्या वाट्याला आलाय. त्याला मी हेडफोनचा रॅक टेकवलाय.

शांताराम धुरी त्यांच्या मुलाबरोबर आले. मिलिंद, न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये. काका लालबागच्या चाळीत राहणारे, मूळ मालवणकडचे, जन्म गिरणीत काढलेला. दारातून आत आले आणि त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं.

“छप्पर खाली आणलात?”

“फॉल्स सीलिंग आहे काका,” मी म्हटलं.

“हयच लूमखाता होता. ह्यो खांब माझो.” त्यांनी खांबावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

मंदाताईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मंदाताई माझं रिसेप्शन सांभाळतात. वरळी कोळीवाड्याच्या, आवाज असा की त्यांना मायक्रोफोनची गरज नाही आणि माझ्या अर्ध्या पेशंटांना त्यांच्यापुढे मशीनची.

“मॅडम, बेस्ट दाखवा. टॉप मॉडेल,” मिलिंद म्हणाला.

“डोकं कुणाचं?”

“म्हणजे?”

“घालणार कोण? काका ना? मग टॉप कुठलं ते काकांचं डोकं ठरवेल.”

काका हसले. मग त्यांनी विचारलं, “बाय, येताना पण ह्योच चालतलो ना?”

“चालेल की. येताना काय, जाताना काय, इंजिन तेच.”

“कारण माका तीन म्हयन्यानी परत येवचा हा. खोली बंद ठेवून जमाचा नाय. हिचे दिवे मीच लावतंय.”

‘हिचे’ म्हणजे काकूंचे. काकू वारल्यात. त्याही ह्याच गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या.

“हो हो बाबा, येताना पण हेच,” मिलिंद जरा घाईने म्हणाला.

मग त्याने मला बाजूला घेऊन खरी अडचण सांगितली. मागच्या वेळी वडील विमानात बसले. दिवे मंद झाले, सगळे झोपले आणि काका उठले. दोन रांगांमधल्या वाटेने हळूहळू चालायला लागले. टोकाला जायचे, वळायचे, परत यायचे. मधेच एखाद्या झोपलेल्या माणसापाशी थांबायचे, वाकायचे, त्याच्या पांघरुणाच्या कडेवरून बोटं फिरवायचे आणि पुढे जायचे. एक बाई जागी झाली ती थेट ह्यांचा चेहरा समोर बघून. किंचाळली. क्रूने मिलिंदला नीट शब्दांत सांगितलं की पुन्हा असं झालं तर अवघड होईल.

“विचारलं तर म्हणतात, धागा तुटला होता,” मिलिंद म्हणाला.

मला काटा आला. खरं सांगते, आनंदानेही आला, कारण फावल्या वेळात मी एकांकिका करते आणि असा सीन फुकट मिळत नाही. पण धंद्याच्या भाषेत उत्तर सोपं होतं. साचे, म्हणजे माग, शेकड्यांनी चालत असतील तर विणकर दोन रांगांमधून येरझाऱ्या घालतो आणि कुठे धागा तुटला की थांबतो. विमानाचा एकसुरी आवाज आणि त्या खात्याचा आवाज यात फार अंतर नाही. कान फसला, पाय निघाले. कानातून इंजिन काढून टाकलं की माणूस जागेवर बसेल.

आणि ते काढणारं यंत्र म्हणजे नॉइज कॅन्सलिंग. ह्या हेडफोनला बारीक माइक असतात. ते बाहेरचा घूं ऐकतात. हेडफोन त्याच क्षणी नेमका उलटा घूं आत सोडतो. दोन घूं एकमेकांना भिडतात आणि दोघेही गारद. मात्र हे जमतं ते एकसुरी आवाजाशी. शेजारच्याचं बोलणं त्यातूनही थोडं येतं. म्हणून मी चाचणीत वरून भजनही लावते.

आधी काकांचे कान तपासले. अपेक्षेप्रमाणे आलेखात वरच्या पट्टीत मोठा खड्डा. साच्यांवर काम केलेल्यांचा तो खड्डा मी झोपेतही ओळखेन. अशा माणसाला बोलण्यातला ‘स’, ‘फ’, ‘त’ जवळपास ऐकूच येत नाही. समोरून बोललं तर कळतं, पाठीमागून नाही.

मग हेडफोन. पहिला कानात खुपसायचा. “बोळे कोंबल्यासारख्या वाटता,” काका म्हणाले. बाद. दुसरा, मिलिंदचा लाडका, टॉप मॉडेल. चष्म्याच्या काड्या दाबत होता. पाच मिनिटं खुपतं ते सोळा तासांत जखम करतं, हे लक्षात ठेवा. बाद. तिसरा साधासा, हलका, पूर्ण कान झाकणारा, बटण मोठं, वायरही जोडता येणारा.

तेवढ्यात मिलिंदला फोन आला. तो काचेच्या दाराबाहेर गेला, बोलून परत आला. तो बाहेर असतानाच मंदाताई चहा सांगायला गेल्या होत्या. मी काकांना खुर्चीत बसवलं, तोंड साउंड बूथकडे. साउंड बूथ म्हणजे आतून फोम लावलेली, काचेची खिडकी असलेली माझी तपासणीची खोली. दोन्ही स्पीकरवर विमान सुरू केलं, हेडफोनमध्ये भजन. काकांच्या खांद्यांचा ताण उतरताना पाठीमागूनही दिसला. पाय, जे इतका वेळ लादीवर हलत होते, ते थांबले.

“वर्क होतंय!” मिलिंद माझ्या कानाशी येऊन म्हणाला. मग आवाज आणखी खाली आणून, “मॅडम, तुम्हाला म्हणून सांगतो. रिटर्न तिकीट काढलेलंच नाही. ते आता माझ्याकडेच राहणार. एकटे किती दिवस राहतील? चाळीतल्या खोलीची चावी त्यांच्या नकळत चुलतभावाला देऊन टाकली. तिकडे पोचल्यावर सांगेन. फक्त विमानात गप्प बसले पाहिजेत.”

मी काही बोलणार, एवढ्यात पाठमोरे काका ओरडले. हेडफोन घातलेला माणूस ओरडतोच.

“चावी कोणाक दिलंस रे?”

हाच तो रिमोट पडण्याचा क्षण.

मिलिंद हडबडला. “ह्यांना ऐकू येतंय! मॅडम, तुम्ही तर म्हणालात...”

“येणं शक्य नाही.” मी पुढे होऊन बघितलं. हेडफोन जागेवर, भजन चालू, विमान चालू. काका समोर बघत होते. मीही समोर बघितलं आणि हसूच फुटलं. बूथच्या आत अंधार होता, त्यामुळे खिडकीच्या काचेचा आरसा झाला होता. आम्ही दोघं त्यात स्वच्छ दिसत होतो. लूमखात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. तिथे माणसं ओठ बघून बोलायची. अख्खी पिढी. लग्नं जमली तशी. आणि अशा माणसाचे कान झाकून, समोर आरसा ठेवून, मिलिंदसाहेब त्याच्या पाठीमागे गुपित सांगत होते!

मी मिलिंदला हे सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण जीवही जरा भांड्यात पडला. रहस्य सुटलं. मीही स्वतःवर खूश झाले.

मग काका पुन्हा बोलले. ह्या वेळी हळू. आणि काचेत आमच्याकडे न बघता, आमच्या जरा उजवीकडे बघत.

“होय गो. विचारतंय.”

मला वाटलं, मला म्हणतायत. पण मी काही बोलले नव्हते. आणि मला ते ‘बाय’ म्हणत होते. ‘गो’ नाही.

“काय विचारताय काका?” मी काचेत बघून ओठ हलवले.

“मी नाय. ती विचारता.” त्यांनी मान न वळवता अंगठा मागे केला, खांबाच्या दिशेने. “विचारता, माळो कित्याक रिकामो केलंस?”

मी मागे वळले. खांब, रॅक, हेडफोनची रांग. बाकी काही नाही. एसी चालू होता आणि रॅकवरच्या लोंबत्या वायरी हलत होत्या. पण त्या रोजच हलतात, असं मी स्वतःला सांगितलं. मी रिमोट उचलून विमान बंद केलं. अचानक शांतता झाली आणि ती फार वाईट होती. आवाज होता तेच बरं होतं.

मिलिंदच्या ओठांवरचा रंग गेला होता.

“माळा कसला?” मी विचारलं.

“मघाशी फोन आला तो चुलतभावाचा,” तो कसाबसा म्हणाला. “सांगत होता, माळा रिकामा केला. आईची ट्रंक, तिच्या साड्या, सगळं भंगारवाल्याच्या टेंपोत चढवायला काढलंय. बाबांना ह्यातलं काहीही माहीत नाही. तुमच्यासमोर मी एक शब्द काढला नव्हता.”

“दार काचेचं आहे,” मी म्हटलं. “बाहेर तुम्ही फोनवर बोललात ते त्यांनी ओठांवरून वाचलं. झालं!”

तेवढ्यात मंदाताई चहा घेऊन आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं, “मंदाताई, हे मघाशी बाहेर फोनवर बोलत होते ना, तेव्हा तोंड कुठे होतं ह्यांचं?”

“तोंड? रस्त्याकडं. पाठ आपल्याकडं होती. का, काय झालं? माझ्याशी बोलायला पण वळले नाहीत, शिष्ट कुठले.”

काकांनी हेडफोन काढला, नीट मांडीवर ठेवला.

“काका, काकू खरंच दिसल्या?” मी विचारलं. मशीनचे सगळे आकडे माझ्याकडे होते, पण हा प्रश्न कुठल्या मशीनला विचारायचा?

“वाइंडिंगातून डबो घेवन येय तेव्हा हयच उभी ऱ्हवायची. खांबाकडे. हाक मारून काय उपेग, आवाज कोणाचोच येय नाय. नुसते ओठ हलवायची. आज पण तसाच.” त्यांनी चहाची कपबशी घेतली. “आता माका येवढ्या सांगा. मी परत येतलंय का नाय? नायतर मी विमानात चढाचंय नाय. ह्या कानात घालून नाय, न घालून नाय.”

मिलिंदने तिथेच, माझ्या काउंटरला टेकून, मोबाइलवर परतीचं तिकीट काढलं. तारीख वडिलांना दाखवली. चुलतभावाला फोन केला. ह्या वेळी वडिलांसमोर तोंड करून. टेंपो थांबला. ट्रंक परत माळ्यावर गेली, चावी परत काकांच्या खिशात.

तिसऱ्या नंबरचा हेडफोन घेतला. काका गेले आणि ठरल्याप्रमाणे परतही आले. दोन्ही प्रवासांत क्रूची काही तक्रार आली नाही. हेडफोनचा स्पंज बदलून घ्यायला आले तेव्हा मी विचारलं, “एकदाही उठला नाहीत?” म्हणाले, “एकदा. कान उघडे करून एक फेरी मारलंय. धागे सगळे शाबूत होते.” मी स्पंज बदलून दिला.

त्यानंतर मी बूथच्या आतला दिवा चाचणीच्या वेळी चालू ठेवते, म्हणजे काचेचा आरसा होत नाही. आरशाचं कोडं त्याने सुटलं. खांबाचं सुटलेलं नाही. रॅक मात्र मी दुसऱ्या भिंतीला हलवला. मंदाताई विचारतात का, मी सांगते, जागा अडत होती.

तर जनहो, धडा असा: हेडफोन घेताना वजन बघा, चष्मा घालून बघा, आणि गिरणीत काम केलेल्या माणसाचे कान झाकले म्हणजे तो तुमच्या बोलण्यातून बाहेर गेला असं समजू नका. नॉइज कॅन्सल होतो. माणसं होत नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलं. काकांनी माळ्याचं विचारलं आणि मी विमान बंद केलं, त्या मधल्या क्षणाचं. मिलिंद शिकलेला मुलगा, दिवसभर कॉम्प्युटरशी बोलणारा. वडिलांना त्याने उत्तर दिलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. तो सरळ त्या रिकाम्या खांबाकडे वळला आणि लहानपणी वळत असेल तसा पाय आपटून ओरडला,

“आई, तू मध्ये बोलू नकोस हां!”