कातळावरचे चौदा बेडूक

घोटीच्या पुढे डोंगरावर एक सपाट कातळ होता. तिथे खडीचा क्रशर येणार असं ठरलं, तेव्हा मी त्या कातळावरच्या बेडकांचा अभ्यास करत होते. अंगठ्याच्या पेराएवढा, तांबूस पाठीचा बेडूक. पावसाळ्यात खडकाच्या खळग्यांत बोटभर पाणी साठतं, त्यातच तो अंडी घालतो. आसपासच्या डोंगरांवर आम्ही शोधला, पण कुठे मिळाला नाही. वनखात्याची परवानगी हातात पडेपर्यंत अर्धा कातळ फुटला होता. उरलेल्या भागातून चौदा बेडूक ओलं शेवाळ घातलेल्या डब्यांतून नाशिकला आणले आणि कॉलेजात आमच्या विभागामागच्या एका रिकाम्या खोलीत ठेवले.

आम्ही म्हणजे मी आणि प्रयोगशाळेतले परिचर. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, मीही. ते कळवणकडचे, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली.

बेडूक पाळणं म्हणजे मुख्यतः त्यांचं खाणं पाळणं. पिकलेली केळी बाटल्यांत कुस्करून त्यावर चिलटं वाढवायची, एका पेटीत रातकिडे वाढवायचे, दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा मारायचा, विष्ठा उचलायची, खोली गार ठेवायची. रविवार नाही, दिवाळी नाही. त्याच सुमारास सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. सकाळी त्यांचं आवरून मी कॉलेजला यायचे, बेडकांचं आवरून वर्गावर जायचे. घरी गेले की नवरा म्हणायचा, "केळ्यांचा वास येतोय तुला." मी आंघोळ करायचे. तरी यायचा.

दोन पावसाळे गेले. नर ओरडायचे, माद्या कोपऱ्यात बसून राहायच्या. अंडी नाहीत. मी शोधनिबंध वाचत होते, बाहेरच्या तज्ज्ञांना पत्रं लिहीत होते. एक दिवस फवारा मारता मारता मामा म्हणाले, "मॅडम, यांना उन्हाळा कुठं दिला आपण?"

"म्हणजे?"

"बारा महिने गारवा, बारा महिने पाणी. यांना पाऊस आला हे कळणार कसं? कातळावर चैत्रात हात ठेवून बघा, भाजतो."

मी वाचलं होतं ते सगळं याच्याच आसपासचं होतं, पण इतकं सरळ मला सुचलं नव्हतं. त्या मार्चपासून आम्ही एसी हळूहळू कमी केला, फवारा एकदाच ठेवला, दगडांखाली माती जेमतेम ओली ठेवली. दोन बेडूक मेले. तेव्हा मी मामांवर चिडले. जूनमध्ये पाइपाला भोकं पाडून त्यांनी तो वर टांगला आणि सलग तीन दिवस खोलीत पाऊस पाडला. चौथ्या दिवशी सकाळी दगडाच्या खळग्यात साबुदाण्यासारखी अंडी होती. मामांनी आधी पाहिली. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसते दाराशी उभे राहिले, मी येईपर्यंत.

दोनशेच्या आसपास पिल्लं निघाली. नुसतं डोकं आणि शेपूट. दोन टबांत ती वाटून ठेवली. त्यांचं पाणी रोज बदलायचं, पण नळाचं थेट घालायचं नाही. आधी ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तो जास्तच असतो. हे दारावर माझ्याच अक्षरात लिहून लावलेलं होतं.

एका शनिवारी मामा रजेवर होते. सासूबाईंना पाठीला जखमा झाल्या होत्या, नर्स येणार होती, मला घरी पोचायचं होतं. ड्रम रिकामा होता. मी मोठ्या टबाला नळाची नळी लावली, लहान टब तसाच ठेवला. विसरले असं म्हणता येणार नाही. एक दिवस काय होतंय, असं मनात आलं होतं.

सोमवारी मी पोचले तेव्हा विभागप्रमुख आणि मामा टबाशी उभे होते. पिल्लं पांढरी होऊन तरंगत होती. त्या रविवारी मला घरून निघता आलं नव्हतं; फेरी मारायला वॉचमनला सांगितलं होतं, त्याने बाहेरूनच पाहिलं होतं.

"कोणी भरलं हे पाणी?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "मीच भरलं, साहेब. रजेवर जायच्या आधी. ड्रम बघितला नाय."

मी गप्प राहिले. मामांना मेमो मिळाला.

दुपारी मी त्यांना प्रयोगशाळेत गाठलं. ते टेस्ट ट्यूब धूत होते. मी म्हटलं, "मी सरांना सांगते."

"नका सांगू. परवानगी तुमच्या नावावर आहे, तुमची चूक निघाली तर ती जाईल. मग त्या दुसऱ्या टबातल्यांचं काय करायचं?" मग हातातली ट्यूब पालथी घालत म्हणाले, "पण मॅडम, एक फोन करायचा होता. मी आलो असतो."

दुसऱ्या टबातली साठेक पिल्लं वाचली होती. त्यांतून एकोणीस बेडूक झाले. क्रशरपासून दोन डोंगर पलीकडे तसाच एक लहान कातळ होता, एका बाईंच्या भाताच्या खाचरांना लागून. रीतसर परवानगी काढून तिथे ते सोडले. बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. "एवढ्यासाठी एवढी वर्षं?" त्यांनी विचारलं. हिणवायला नाही, खरंच विचारलं. मी हो म्हटलं.

मूळचे मोठे बेडूक पुढे दुसऱ्या राज्यातल्या एका केंद्राला दिले. परवानगीची मुदत संपली, मी वाढवून मागितली नाही. सासूबाई त्या हिवाळ्यात गेल्या. मामांच्या निवृत्तीच्या आठवड्यात मी प्राचार्यांना सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं, म्हणाले, "आता हे कशाला, मॅडम?" आणि कागद खणात ठेवला. मेमो मामांच्या फायलीतच राहिला असणार.

गेल्या जुलैत मामांना घेऊन मी त्या कातळावर गेले. दोन तास पावसात बसलो. एकही दिसला नाही. चहा देताना बाई म्हणाल्या, "औंदा दोनतीनदा ऐकलं मी. त्योच असंल, नायतर दुसरा. मला काय कळतंय." मामांनी आवाज कसा होता विचारलं. त्यांनी तोंडाने काढून दाखवला. तो आमचाही असू शकत होता, साध्या डबक्यातल्या बेडकाचाही.

उतरताना माझा गुडघा दुखायला लागला. मामांनी माझी पिशवी घेतली. मी त्यांना सांगितलं, प्राचार्यांना लिहून दिलंय.

"कळलं होतं मला," ते म्हणाले. "सावकाश या, इथं घसरतंय."