हरलेल्याला आधी पाणी

परवा दुपारी मेथी निवडता निवडता मोबाईलवर एक बातमी वाचली. समुद्रात कुठंतरी लांब एक गरीब देश आहे, तिथली माणसं रग्बीवेडी. रग्बी म्हणजे तो लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडून पळणाऱ्याला लोळवायचं. आपल्या कबड्डीचा दांडगा चुलतभाऊच समजा. तर त्या देशाच्या शेजारी एक श्रीमंत देश, त्याची मोठी पगारी लीग, आणि त्या लीगमध्ये या गरीब देशाचा संघ घ्यायचं चाललंय. जावं की न जावं यावरून लोक हमरीतुमरीवर आलेले. मी जुडी बाजूला ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "जा बाबांनो, पण मागं कोण राहतंय ते बघून जा." घरात ऐकायला कोणी नव्हतं. मी परत मेथी निवडायला घेतली.

लातुरातलं माझं घर चारही बाजूंनी माणसांनी वेढलेलं आहे. वरच्या खोल्यांत क्लासची मुलं, शेजारी त्यांची मेस, समोर ऑटोवाले. दिवसभर कोणी ना कोणी सूत्रं घोकत असतं. नवरा जाऊन बराच काळ झाला, मुलगा बंगळुरात रमला, आणि शाळेतून मी निवृत्त झाले. गणिताच्या बाईंकडं निवृत्तीनंतरही पोरं येतात. पी.टी.च्या बाईंकडं कोण येणार? जिन्यात भेटली तर ही मुलं "नमस्ते आंटी" म्हणतात आणि डोळे न उचलता वर जातात. त्या रग्बीच्या बातमीवर भांडायला मला एकच माणूस हवं होतं, आणि तीच नेमकी माझ्याशी बोलत नव्हती.

ती म्हणजे माझी जोडीदारीण. आमचं गाव धर्माबादच्या बाजूला, तेलंगणाच्या हद्दीला चिकटून. गावात बायकांचा कबड्डी संघ होता, आणि त्यात डाव्या कोपऱ्यावर ती, तिच्या शेजारी मी. कबड्डीत चढाई करणारी अंगावर आली की बचावातल्या दोघी हात धरून साखळी करतात. तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातात अशी आमची सगळी उमेदीची वर्षं गेली. तिच्या हाताच्या ओढीवरून मला कळायचं, आता पुढं झेपायचं की थांबायचं. पुढं लग्नाच्या नवऱ्याचाही हात धरला, पण त्याच्या ओढीचं मला कधी इतकं नेमकं कळलं नाही.

आमच्या मैदानाचा एक रिवाज होता. एका बाजूचे सगळे गडी बाद झाले, म्हणजे लोण चढला, की खेळ थांबायचा. जिंकत्या बाजूनं घागरीतून तांब्या भरायचा, रेषा ओलांडून जायचं आणि हरलेल्यांना आपल्या हातानं पाणी द्यायचं. हरलेल्या आधी पिणार, मग त्याच तांब्यानं जिंकलेल्या. आमच्या जुन्या गुरुजींनी हे घालून दिलं होतं. ते याचं कारण कधी सांगायचे नाहीत, पण गावाला बरोबर कळायचं. माझं घर शेतवाल्या पाटलांचं, तिचं बौद्धवाड्यातलं. आमच्या ओसरीवर तिच्यासाठी वेगळा ग्लास कोनाड्यात पालथा असायचा. मैदानावर मात्र एकच तांब्या. आईनं यावरून मला खूप बोलून घेतलं, पण मी जिंकायचं सोडलं नाही आणि हरायचंही.

लग्न होऊन मी लातूरला आले. ती गावातच राहिली, अंगणवाडीत लागली, आणि संध्याकाळी मैदानावर पोरींना शिकवू लागली. गुरुजी गेल्यावर मैदान तिचंच झालं. रोज चुन्याच्या फक्कीनं रेषा मारायच्या, घागर भरून लिंबाखाली ठेवायची, शिट्टी वाजवायची. तिच्या पोरी जिल्ह्यात नाव काढायला लागल्या, आणि हद्दीपलीकडून माणूस आला.

आमच्या भागाला पलीकडचं कौतुक जुनंच. तिकडं शेताला वीज, तिकडं योजना, तिकडं रस्ते. मधूनच कुणीतरी आमचं गावच तिकडं जोडा म्हणून निवेदन देतं, फोटो काढतं आणि घरी येऊन जेवतं. आता तिकडं बायकांची पगारी कबड्डी लीग निघाली होती आणि त्यांना आमचा अख्खा संघ हवा होता. पोरींनी तिकडच्या वसतिगृहात राहायचं, तिकडच्या शहराच्या नावानं खेळायचं, आणि करार असेतो इकडच्या कुठल्या स्पर्धेत उतरायचं नाही. जोडीदारणीनं मला फोन केला. "ये. तू शिकलेली हायस. तुझं ऐकतील."

मी गेले. तिनं मला तिच्या बाजूनं बोलायला बोलावलंय हे मला कळलं होतं. पण बसमध्ये माझा गुडघा ठणकत होता, आणि त्या गुडघ्यानंच माझं मत बनवलं म्हणा. आम्ही खडकाळ मातीवर खेळलो, पडलो, हळद लावली आणि घरी जाऊन भाकरी थापल्या. आम्हाला कुणी डॉक्टर दाखवला नाही.

बैठक मैदानावरच झाली. पोरी, त्यांचे आईबाप, आम्ही दोघी आणि पलीकडचा तो माणूस. त्याची मराठी आमच्याकडची, अर्धी दखनी. "बाई, आमच्याकडं मॅट हाय, डॉक्टर हाय, पगार टायमावर. पोरींची जिंदगी बनून जाईल."

जोडीदारीण उभी राहिली. "जिंदगी बनंल. पण हितं कोण खेळंल? मोठ्या पोरीला बघून ल्हान पोरगी मैदानात येती. मोठीच न्हाई तर ल्हानी काय माझं तोंड बघायला येईल?"

"येतील," मी म्हणाले. "टीव्हीवर बघून येतील."

"टीव्हीवर बघून मानूस टीव्ही बघतं. मैदानात येत न्हाई."

लोक हसले. मला राग आला. मी म्हणाले, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? आज तू अडवशील, उद्या एकेक करून जातील. इथं खेळून आपल्याला काय मिळालं ते तरी सांग. तुला गुडघा, मला गुडघा. या पोरी काय तुझं मैदान राखायला आहेत का?"

ती पदर खोचून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "आयजीच्या जिवावर बायजी उदार. तुझं काय जातंय? तू लातूरला जाशील सांजच्या गाडीनं. अशीच गेली होतीस लग्न करून. साखळी सुटली तवा बी मी काय म्हनले न्हाई."

हे ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, आणि तेही चारचौघांत. तेवढ्यात पोरींना विचारलं गेलं. सगळ्यांत लांब दमाची जी पोरगी, जोडीदारणीची सगळ्यांत लाडकी, तिनं आधी हात वर केला, रडत रडत केला. मग बाकीच्यांनी.

लोक उठले. मी तांब्या भरला आणि तिच्याकडं गेले, कारण जिंकले होते मी. तिनं तांब्या हातात घेतला. "मला तान न्हाई," म्हणाली, आणि सगळं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतून तांब्या घागरीवर पालथा घातला. पालथं भांडं बघून मला आमच्या ओसरीवरचा कोनाडा आठवला. मी संध्याकाळच्या गाडीनं लातूरला आले.

मी बरोबर होते, असं मला आजही वाटतं. पोरींना पगार मिळाला. एकीनं घरावर पत्रे घातले, एकीचं ठरलेलं लग्न तिच्याच सांगण्यावरून पुढं ढकललं गेलं, आणि एकीच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली जी गावात कधीच झाली नसती. यातलं सगळं मला तिला सांगायचं होतं. पण तिचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. दिवाळीला, आंबेडकर जयंतीला, तिच्या नातवाच्या बारशाला मी फोन लावत राहिले. एरवी सणाला ती पहाटेच फोन करायची आणि विचारायची, "उठलीस का पाटलीन बाई?" आता मी पहाटे उठून बसायचे आणि वरच्या खोलीतल्या मुलांची घोकंपट्टी ऐकायचे. भांडायलाही माणूस लागतं हो. कुणी नसलं की आपलं बरोबर असणंसुद्धा आपल्याच घरात कोपऱ्यात बसून राहतं.

लीगचे सामने मोबाईलवर दिसायचे. मी चहा घेऊन बसायचे. आमच्या पोरी दुसऱ्याच शहराच्या नावानं, चकचकीत कपड्यांत, पाठीवरच्या आकड्यांनी ओळखायच्या. निवेदन तेलुगूत. मला चार शब्द कळतात, बाकी आवाजावरून समजून घ्यायचं.

बातमी वाचली त्याच संध्याकाळी सामना होता. आमच्या पोरी भलत्याच रंगात होत्या. सगळ्यांत लांब दमाच्या त्या पोरीनं एकाच चढाईत दोघींना बाद केलं, मग एक पकड झाली, आणि समोरच्या संघावर लोण चढला. प्रेक्षकांत दणका उडाला. आणि ती पोरगी धावत बाहेर गेली, बाटली उचलली, मध्यरेषा ओलांडून पलीकडं गेली आणि समोरच्या संघाच्या धापा टाकणाऱ्या कर्णधारापुढं बाटली धरली. दोन्ही हातांनी, तांब्या धरतात तशी.

समोरचीला वाटलं, ही चिडवतेय. तिनं हात झटकला. बाटली मॅटवर पडली, पाणी सांडलं, फडकी घेऊन माणसं धावली. पंचांनी आमच्या पोरीला हिरवं कार्ड दाखवलं, म्हणजे ताकीद. निवेदक हसत हसत "नीळ्ळू, नीळ्ळू" म्हणत होता. नीळ्ळू म्हणजे पाणी, तेवढं मला कळलं. पोरगी कार्डाकडं बघत उभी होती. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. त्या एवढ्या झगमगाटात तिला तिच्या चुकीचा अर्थ सांगू शकेल असं एकही माणूस नव्हतं. आणि इकडं लातुरात मला तो अर्थ माहीत होता, पण मी कुणाला सांगणार? मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. वरच्या मुलांनी ऐकलं असेल, पण दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा होती.

फोन लावला नाही. सकाळी नांदेडची बस धरली, नांदेडहून धर्माबादची. गावात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. माहेरच्या घरी न जाता सरळ मैदानावर गेले.

मैदानात कोणी नव्हतं. पण रेषा ताज्या होत्या. मध्यरेषा, बाजूच्या रेषा, सगळं पांढरंशुभ्र, आणि त्यावर एकाही पावलाचा ठसा नाही. लिंबाखालच्या दगडावर ती बसली होती. हात कोपरापर्यंत फक्कीनं माखलेले, शेजारी घागर. मला बघून उठली नाही.

"कामून आलीस?"

"सामना बघितलास?"

"हाव."

"हिरवं कार्ड दिलं मेल्यांनी."

"दिऊ दे," ती म्हणाली. मग हातावरची फक्की चोळत, "पोरगी इसरली न्हाई."

मी तिच्या शेजारी बसले. डाव्या बाजूला ती, सवयीनं. पलीकडच्या रस्त्यावरून दोन शाळकरी मुली सायकलवर गेल्या. मैदानाकडं त्यांनी पाहिलंही नाही. मी म्हणाले, "येत नाही का कोणीच?"

"न्हाई."

"मग रेषा कामून मारतीस रोज?"

"न मारल्या तर मैदान हाय का रान हाय, कसं कळंल?"

मला तिला पगाराचं, पत्र्यांचं, खांद्याच्या शस्त्रक्रियेचं सांगायचं होतं. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीही बोलावंसं वाटेना.

ती उठली. हात धुतले, तांब्या विसळला, काठोकाठ भरला आणि माझ्यापुढं धरला. गावात पाहुण्याला आधी पाणी देतात. मैदानावर हरलेल्याला. मी तांब्या घेतला, पण ओठाला लावेना.

"पाव्हणी म्हणून देतीस," मी विचारलं, "का हारली म्हणून?"

तिचे ओठ उन्हानं सुकून फुटलेले होते.

"लवकर पी," ती म्हणाली. "मला बी प्यायचंय."