बँकेच्या मॅडमची ओटी

गेल्या नवरात्रात मी अंबाबाईला एक नवस बोलले. "आई, आमचा चटणीचा डंक दारात येईपर्यंत जी सवाष्ण माझा उंबरा ओलांडेल, तिची ओटी भरल्याशिवाय मी तिला जाऊ देणार नाही." बोलताना डोळ्यांत पाणी होतं हो! त्या भरात पुढचा विचार कुठला सुचतोय? आणि मग जी फजिती झाली, ती सांगताना अजून पदर तोंडाला लावावा लागतो.

डंक म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र. मी आणि माझी शेजारीण शकू, दोघींनी मिळून कांदा-लसूण चटणीचा धंदा काढायचं ठरवलं होतं. शकू मलकापूरची. तिच्या हातची चटणी एकदा खाल्लेला माणूस दुसरीकडची नुसती हुंगून बाजूला ठेवतो! दुसऱ्याच्या डंकावर रांगेत बसून आम्ही एकच स्वप्न बघायचो. आपला डंक. दारावर पाटी. पाटीवर दोघींची नावं.

अडचण एकच. शकूच्या नवऱ्यानं तिच्या नावावर टेम्पो घेतला आणि हप्ते थकवले. टेम्पो ओढून नेला, नवरा घरी बसला, आणि बँकेतला स्कोअर पडला तो शकूचा! भाकऱ्या करून देऊन बिचारी ते कर्ज अजून फेडते आहे.

तरी आम्ही अर्ज केला. आणि एका शुक्रवारी बँकेच्या मॅडम जागा बघायला घरी आल्या.

मी आधी काय बघितलं? गळ्यातलं मंगळसूत्र! झालं. आत जाऊन ताट केलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. आणि बँकेतल्या बाई म्हणून दक्षिणा नुसती न ठेवता छान पाकिटात घातली.

बाहेर मॅडम शकूला विचारत होत्या, "तुमचा स्कोअर फारच कमी आहे. ह्याचं काय करायचं?"

शकू मान खाली घालून बसलेली. आणि नेमकी तेव्हाच मी ताट घेऊन हजर! पाकीट सगळ्यात वर.

मॅडमचा चेहरा बदलला. "हे काय आहे?"

"काही नाही हो, कर्जासाठीच आहे."

"कर्जासाठी?"

"म्हणजे कर्ज होईपर्यंत द्यायचं, असं ठरलंय. ओढणी पुढं करा बघू."

"कुणाशी ठरलंय?"

आता नवस कधी असा चारचौघांत उघड करतात का? मी आपली हसून म्हणाले, "ते नाही सांगता येत. पण त्यांच्या शब्दाबाहेर काही होत नाही!"

शकूनं माझ्याकडं डोळे वटारले. मला वाटलं, हिला दक्षिणा कमी वाटतेय! म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, "आत्ता एवढंच आहे. काम झालं की साडी देईन. आणि संकोच करू नका हो, परवा डासांची पाहणी करायला आलेल्या ताईंनीपण घेतलं. आधी सगळ्याच नको म्हणतात!"

मॅडम ताडकन उठल्या. "मला लाच देताय? फाईलच बंद करते!"

लाच? माझ्या हातातलं ताट कललं आणि नारळ गडगडत कॉटखाली गेला.

शकू दाराकडं धावली. "वो मॅडम, थांबा की! लाच न्हाय वो, नवस हाय ह्यांचा! दारात आल्याली बाई ह्या सोडतच न्हाईत. पाकीट उघडून तर बघा!"

मॅडमनी उघडलं. आत अकरा रुपये. त्या मटकन खाली बसल्या आणि हसता हसता म्हणाल्या, "अकरा रुपयांत माझी नोकरी घालवत होता होय?"

मग चहा झाला. मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, सोपा रस्ता सांगू? ह्यांचं नाव काढा. एकट्या तुमच्या नावावर काम लवकर होईल."

"काढा की वैनी," शकू म्हणाली. "माझं काय, मी कुटायला येतीच की." म्हणाली खरी, पण तिची नजर गेली दारावरच्या खिळ्याकडं. पाटीसाठी तिनंच तो ठोकला होता.

"नको," मी म्हणाले. "चटणी तिच्या हातची आणि पाटीवर नाव माझं? मग देवळात कुठल्या तोंडानं जाऊ?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "मग टेम्पोचं कर्ज पुरतं मिटवा, तसा दाखला आणा. स्कोअर सुधारायला वेळ लागेल, पण दोघींचा अर्ज तेव्हा पुन्हा करा. मी बघते." जाताना त्यांनी ओढणी पुढं करून ओटी घेतली. पाकीट मात्र माझ्या हातात परत ठेवलं.

मॅडम वळणापलीकडं गेल्यावर शकू म्हणाली, "वैनी, कागदावर माझं नाव खराब हाय खरं. पर फाईल बुडवायला तुमी एकट्या बास की!"

डंक अजून आलेला नाही. अजून परक्या डंकावर रांगेत बसतो, त्याची धडधड ऐकतो, आणि दोघींच्याही मनात एकच येतं, ही धडधड आपल्या दारात कधी? खिळा वाट बघतोय. मीही बघतेय. देवी उशीर करेल, पण नाही म्हणायची नाही.

तेव्हा एवढं करा. आमच्या पाटीसाठी तुम्हीही माझ्यासारखं देवीला काहीतरी बोला. ओटी बोललात तरी चालेल. फक्त दारात बँकेतली बाई आली, तर आधी "नवस आहे" म्हणा, आणि मगच ताट उचला!