क्रुसाच्या दोन चिठ्ठ्या

आमचे हे बोलत नाहीत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत यांच्या तोंडून जेवढी वाक्यं निघाली असतील, तेवढी मी एका सकाळी भाजी निवडताना बोलते. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायच्या, नखांत प्लास्टर, चष्म्यावर प्लास्टर आणि तोंडाला कुलूप. यांची एक सवय मात्र मला पहिल्यापासून आवडते. कवळी बसवली, पेशंटच्या हातात आरसा दिला, की हे पाठ फिरवून उभे राहतात. माणसाला आपलं हसू एकट्यानं बघू द्यावं म्हणून.

आमच्या चर्चची टीम पंधरा दिवसांच्या सेवेला परदेशी निघाली, तेव्हा पाळकांनी यांना गळ घातली. मी म्हटलं, यांच्या वतीनं बोलायला कुणीतरी हवं ना, मीही येते. तिथली भाषा येईना, लिपी तर पार डोक्यावरून. मग यांनीच युक्ती काढली. डॉक्टरांनी माप घेतलं की साच्याच्या बुडाला एक खूण करायची, पेशंटच्या अंगावर जे दिसेल त्याची. टोपी, छत्री, किल्ली, काहीही. तीच खूण चिठ्ठीवर काढून पेशंटला द्यायची. चिठ्ठी दाखवा, कवळी न्या. चोवीस कवळ्या झाल्या, एक तक्रार नाही.

शेवटच्या दिवशी बारा वाजता एक आजी आली. तीन वाजता आमची बस विमानतळाकडे सुटायची होती. अकरा वर्षं बिनदाताची, उजवा हात कायम तोंडावर. दुभाष्याचं काम करणारे तिथले मास्तर सांगत, ही बाई जेवतेसुद्धा भिंतीकडे तोंड करून. तिनं रुमालात गुंडाळलेली कवळी टेबलावर ठेवली आणि हात बाजूला केला. हिरड्या लालभडक.

मी भडकलेच. टीमसमोर यांना म्हटलं, "झाली ना माती! तेवीस जणांचं धड केलंत आणि हिचंच तोंड सोललंत! लक्ष कुठं असतं तुमचं?"

यांनी फळीवरून साचा काढला. बुडाला क्रूस. कवळी त्याच्यावर चपखल बसली. मग तिच्याच तोंडात का बसेना? यांनी बाकीचे साचे उलटे करून बघितले. आणखी एका साच्याच्या बुडाला क्रूस होता. आता चर्चच्या शिबिरात गळ्यात क्रूस नसलेली बाई शोधून सापडायची नाही, आणि आम्ही शहाणे खूण म्हणून क्रूसच काढत बसलो होतो!

एक क्रूस चाकूनं कोरलेला, सरळ, तो यांचा. दुसरा पेन्सिलीनं, घाईत काढलेला. मापाच्या दिवशी पेन्सिल माझ्या हातात होती. आणि हे प्लास्टर आणायला गेले असताना, त्या दोघींना नुसत्या क्रुसाच्या चिठ्ठ्या बघून कवळ्या न बसवताच वाटून मोकळी झालेलीही मीच. यांनी साचे बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि पाळकांना म्हणाले, "माझी चूक झाली."

एरवी माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. तेव्हा मी गप्प बसले.

दुसरी बाई नदीपलीकडे राहत होती. पाळक घड्याळ बघत म्हणाले, "आता काय करणार? हिरड्यांना औषध द्या. पुढच्या वर्षीची टीम बघेल." आजीला शब्द कळले नाहीत, पण तिनं मुकाट्यानं रुमाल उचलला.

"मास्तर," हे म्हणाले, "तुमच्याकडे मोटरसायकल आहे ना?"

जायला तास, यायला तास. मास्तर निघाले.

दोन वाजता निरोपाची प्रार्थना झाली. सेवेतून काय मिळालं ते प्रत्येकानं सांगायचं होतं. कुणाला शांती मिळाली, कुणाला आनंद. माझी पाळी आली तशी मी उठून उभी राहिले. समोरच्याच बाकावर आजी, हात तोंडावर.

"दुसरा क्रूस मी काढला," मी म्हटलं. "कवळ्याही मीच वाटल्या. आणि बोल यांना लावले, सगळ्यांदेखत. मला लाज वाटते."

हे खाली मान घालून चष्मा पुसत राहिले.

पावणेतीनला मोटरसायकल आली. मागे ती बाई, गाल सुजलेला. दुखत होतं तर आली का नाहीस, असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, "इतक्या लांबून येऊन प्रेमानं दिलेली वस्तू, तिला नावं कशी ठेवू? प्रार्थनेपुरती घालत होते."

यांनी दोन्ही कवळ्या घासून जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात टाकल्या. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पाळक दारात आले. "अहो, विमान काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं," हे म्हणाले.

एवढा वेळ माझ्या आयुष्यात कधी लांबला नव्हता. सामान चढलं, माणसं चढली, हॉर्न थांबेना. दहा मिनिटं भरल्यावर यांनी आधी नदीपलीकडच्या बाईची कवळी बसवली, मग आजीची. एका जागी टोचत होती, तिथं घासली, पुन्हा बसवली. हिरड्या बऱ्या होईपर्यंत थोडा थोडा वेळच घाला, असं मास्तरांकरवी दोनदा बजावलं. मग आजीच्या हातात आरसा दिला आणि पाठ फिरवली. यांच्या शेजारी मीही पाठ फिरवून उभी राहिले.

मग दोघं धावत सुटलो. खिडकीची जागा यांनी मला दिली. आजी फाटकाशी आली होती. बस हलली, मी हात हलवला. तिला हसू आलं तसा तिचा उजवा हात सवयीनं तोंडाकडे गेला. मध्येच थांबला. मग तिनं तो उंच करून हलवला.

"अहो, बघा तरी!" मी यांना कोपरानं ढोसलं.

"बघतोय," हे म्हणाले, आणि माझ्या अंगावरून वाकून यांनीही खिडकीबाहेर हात काढला.