प्रगतिपुस्तक घेऊन बसलेली माणसं

दोन मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, लक्ष न टिकण्याचा तो एडीएचडी लहान मुलांना असतो. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तपासणीसाठी शाळेचं प्रगतिपुस्तक आणि माझं लहानपण पाहिलेलं माणूस, दोन्ही आणायला सांगितलं. म्हणून बावन्नाव्या वर्षी मी आईला घेऊन दवाखान्यात बसलो होतो. समोर पिकल्या मिशांचे एक गृहस्थ, शेजारी त्यांची आई. पालकसभाच ती, फक्त विद्यार्थ्यांना चाळिशीचे चष्मे. दोन्ही आयांनी पुस्तकं बदलून वाचली. शेरा एकच: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ दोघी हसल्या. मग माझी आई हळूच म्हणाली, “हा आजार निघाला, तर मी तुला उगाचच मारायचे की रे.”

मी तिचा हात धरून बसलो. आमचा नंबर येईपर्यंत माझं लक्ष दुसरीकडे कुठेही गेलं नाही.